खुंट्याचे तीस पत्ते

खुंट्याचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू होई. चारला उठणारे लोक पाच मिनिटं अंथरुणात काढतात आणि पाच मिनिटं चपला शोधण्यात, असं त्याचं म्हणणं होतं. तो चार-दहाला उठे, चार-तीसला घराबाहेर पडे आणि चार-चाळीसची पहिली बस धरी. पाचच्या ठोक्याला तो धक्क्यावर हजर असे.

पहिलं काम दोर तपासण्याचं. साठ हात दोर वीत-वीत करून बोटांतून काढायचा. डोळ्यांनी नाही, बोटांनी, कारण डोळ्यांना कुजका धागा वरून दिसत नाही. मग हवेची नळी, मग नळीचे सांधे, मग हवेचं यंत्र. एवढं झालं की पाणबुड्या टोप चढवी, शिडीने खाली उतरे आणि जहाजाच्या बुडाशी जाऊन कामाला लागे. खुंटा वर काठाला दोर धरून उभा राही. पाणबुड्या वर येईपर्यंत चहा नाही, गप्पा नाहीत, पाय मोकळे करणं नाही. जमिनीत रोवलेल्या खुंट्यासारखा तो उभा राही म्हणून त्याचं नाव खुंटा पडलं. हे काम सोपं दिसतं. ज्याला सोपं वाटत असेल त्याने दोन तास एका जागी उभं राहून फक्त एका दोराकडे लक्ष देऊन बघावं.

दोराची भाषा चार शब्दांची. एक झटका, ठीक आहे. दोन, दोर सैल सोड. तीन, मी वर येतोय. चार, मला ओढ. एकतीस वर्षांच्या नोकरीत खुंट्याने बावीस वर्षं एकाच माणसाचा दोर धरला. त्याला धक्क्यावर बुडबुड्या म्हणत. दोघांनी दोरावरून जेवढं बोलून घेतलं तेवढं जमिनीवर कधी बोलले नाहीत. एकमेकांच्या घरी गेले ते लग्नकार्याला आणि मयताला.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी बुडबुड्याच्या कमरेचं हाड फोटोत दाखवलं. पाण्याच्या दाबाने ते आतून झिजलं होतं. पुन्हा पाण्यात उतरलात तर कुबड्या घ्याव्या लागतील, असं ते म्हणाले. बुडबुड्याने टोप जमा केला आणि घरी जाऊन बसला. खुंटा दुसऱ्या पाणबुड्याचा दोर धरू लागला.

पहिली बस चालवायची ती बुडबुड्याची लेक. एवढ्या सकाळी बसमध्ये खुंट्याशिवाय दोन-तीनच माणसं असत, म्हणून तो पुढच्या बाकावर बसे. एका सोमवारी ती आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली, "काका, रविवारी दुपारी काय करता?"

"झोपतो."

"झोपू नका. वाचनालयात या. चौथा माणूस हवाय."

"कशाला?"

"पत्त्यांना."

"मला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"हे ते पत्ते नाहीत." तिने वळण घेतलं, मग म्हणाली, "बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. कसंबसं त्यांना तिथे नेलंय. आठवड्यातनं तेवढेच एकदा जिना उतरतात. पण तीन रविवार झाले, खेळात तेच आधी मरतात. काल म्हणाले, आणखी एकदा मेलो तर येणार नाही. मरायला घर काय वाईट आहे?"

धक्का आला, तसा खुंटा उठला. उतरताना त्याने विचारलं, "किती वाजता?"

वाचनालय जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. रविवारी वाचायला कोणी येत नसे, म्हणून ग्रंथपालबाईंनी मोठ्या टेबलावर आपला खोका मांडलेला असे. बाई उभ्या बांध्याच्या, नियमाच्या पक्क्या. पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तर माणसाकडे असं बघत की तो दुसऱ्या दिवशीपासून वाचायचंच सोडून देई.

"इथे कोणी कोणाला हरवत नाही," त्यांनी खुंट्याला समजावलं. "आपण चौघं एका बाजूला, खोका दुसऱ्या बाजूला."

"खोका कसा खेळतो?"

"त्याने काय करायचं ते त्याच्या पत्त्यांवर लिहिलेलं असतं. एक उलटायचा, वाचायचा, तसं करायचं."

"म्हणजे तो चुकत नाही?"

"नाही."

"मग तो खोका नसेल," खुंटा म्हणाला, "साहेब असेल."

बुडबुड्या खिडकीशी बसला होता. तो हसला नाही, पण मान वळवून त्याने बघितलं.

खेळ असा होता. धुक्यात बुडालेला एक किल्ला. त्याला सात दारं, एकापुढे एक. प्रत्येक दारापाशी कोणी ना कोणी पहारेकरी, दात असलेला, पंख असलेला, कधी दोन्ही असलेला. चार प्रवासी आत शिरतात, प्रत्येकाला दहा जीव. दर फेरीला धुकं एक पायरी चढतं, आणि विसाव्या पायरीवर पोचलं की सगळे बुडाले. शेवटचं दार चौघांचे हात लागल्याशिवाय उघडत नाही, म्हणून कोणी एक जरी वाटेत मेला तरी खेळ शेवटी जाणारच, पण उरलेल्यांनी सातव्या दारापर्यंत खेळायचं असा नियम. बुडबुड्या योद्धा होता. त्याची लेक जादूगारीण होती. बाई वाटाड्या होत्या. उरला सोबती.

सोबत्याच्या पत्त्यांचा गठ्ठा बाईंनी खुंट्यापुढे ठेवला. सव्वाशे तरी पत्ते असतील. "यातून तुमचे तीस तुम्ही निवडायचे. तीसच. ही जागा कोणाला नको असते, म्हणून रिकामी आहे."

खुंट्याने दहा-बारा पत्ते उलटून बघितले. "यात मारायचा पत्ता दिसत नाही."

"एकही नाही. सोबती कोणाला मारत नाही. दुसऱ्यांना सांभाळतो."

"बरं झालं," खुंटा म्हणाला. त्याने गठ्ठा पिशवीत घातला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठवड्यात पाळी संपली की तो तीन वाजता घरी येई, हात साबणाने दोनदा धुवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्ते पसरे. प्रत्येक पत्ता पुढून वाचायचा, मागून बघायचा, चित्र बघायचं, पुन्हा वाचायचा. न समजलेला बाजूला ठेवायचा आणि नियमांच्या चोपडीत शोधायचा. चोपडी त्याने तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी त्याला छपाईतली एक चूक सापडली, ती त्याने पेन्सिलीने नीट केली. बऱ्याच दिवसांत त्याला एवढी मजा आली नव्हती. कोणीतरी बसून विचार केला होता की माणसाला सांभाळायचे प्रकार किती, आणि प्रत्येक प्रकाराचा एकेक पत्ता केला होता. खुंट्याला वाटायचं, एकच प्रकार असतो.

बायको भाजी चिरताना बघत होती. "अहो, या वयात पत्ते? आणि तेही राक्षसांचे?"

"राक्षस यांच्यात नाहीत. ते खोक्यात असतात."

तिने एक पत्ता उचलून डोळ्यांजवळ नेला. "ही बाई एवढ्या धुक्यात उघड्या दंडांनी उभी आहे. हिला आधी कोणीतरी स्वेटर द्या."

चौथ्या दिवशी त्याने पत्त्यांचे चार ढीग लावले. मलम, म्हणजे गेलेले जीव भरून काढणारे. ढाल, म्हणजे घाव अडवणारी. कंदील, म्हणजे खोक्याचा पुढचा पत्ता आधी बघू देणारा. आणि हाक. हाकेचा पत्ता सोबत्याने उघडा समोर ठेवायचा. ज्याला गरज असेल त्याने आपल्या पाळीत तोंडाने मागितलं तरच तो लागू व्हायचा. मागितला तर मात्र मलमाच्या दुप्पट भरायचा.

आणि एक पत्ता कुठल्याच ढिगात बसेना. त्याचं नाव गाठ. चित्रात दोन माणसं एका दोराने बांधलेली. खाली लिहिलं होतं: खेळ सुरू होताना एका प्रवाशाशी गाठ बांधावी. त्याच्यावर पडलेलं प्रत्येक मलम आणि प्रत्येक ढाल दुप्पट मोजावी.

खुंटा त्या पत्त्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने गाठ घेतली, सोळा मलमं घेतली, तेरा ढाली घेतल्या. तीस झाले. कंदील सगळे परत ठेवले, कारण खाली काय आहे ते बघणं दोर धरणाऱ्याचं काम नव्हे. हाकाही परत ठेवल्या. माणूस मागेपर्यंत थांबायचं म्हणजे काय? मागेपर्यंत माणूस हातचा जातो. शनिवारी त्याने गठ्ठा तीनदा पिसून पाहिला आणि रबर लावून पिशवीत टाकला. काम चोख झालं होतं.

रविवारी चौघं बसले. खुंट्याने गाठ बुडबुड्याशी बांधली. बुडबुड्याने पत्ता वाचला नाही, नुसतं "हं" केलं.

पहिल्या दारापासून बुडबुड्याला ओरखडा उठला नाही. पंखवाला त्याच्यावर झेपावला, तिथे ढाल. दातवाल्याने चावा घेतला, लगेच मलम. खुंटा पहारेकऱ्याच्या पत्त्याकडे बघतही नव्हता. तो बुडबुड्याच्या हाताकडे बघत होता. हात जरा अडखळला की खुंट्याचा पत्ता टेबलावर पडलेला असे. चौथं दार उघडलं तेव्हा बुडबुड्या पहिल्यांदाच ताठ बसला होता. "आज जमतंय," तो म्हणाला.

"बाबा, मला तीनच जीव राहिलेत," लेक म्हणाली.

खुंट्याने तिला एक मलम दिलं. गाठ तिच्याशी नव्हती, त्यामुळे ते एकपट भरलं. पुढच्या घावात तेवढंच गेलं. पाचव्या दाराशी बाई मेल्या. त्यांनी पत्ते खाली ठेवले, हात जुळवून बसल्या आणि नियमाप्रमाणे गप्प राहिल्या. सहाव्या दाराशी लेक मेली. सातव्या दारापुढे बुडबुड्या पोचला तेव्हा त्याच्याकडे दहाच्या दहा जीव होते, बाजूला खुंटा होता, आणि दाराला चार हात हवे होते.

बाई म्हणाल्या, "खेळ गेला."

बुडबुड्याने हात लांब करून खुंट्याचे वापरलेले पत्ते ओढले आणि एकेक उलटून बघायला लागला. सगळ्यात खाली गाठ होती. आता त्याने ती वाचली.

"सगळं माझ्यासाठी भरलंस?"

"तू पुढे होतास."

"माझी पोर मारलीस, मला वाचवायला."

"खेळात रे."

"खेळातच म्हणतोय." बुडबुड्या टेबलाला धरून उभा राहिला. उभं राहायला त्याला वेळ लागला. लेक उठायला गेली, तिला त्याने नजरेने बसवलं. "मी आता पाण्यात नाही, खुंट्या. दोर सोड."

तो जिना उतरला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला, त्यामुळे आवाज बराच वेळ येत राहिला.

सोमवारी बसमध्ये लेक म्हणाली, "बाबा येणार नाहीत म्हणाले."

"मेलो तर येणार नाही असं म्हणाला होता. मेला नाही."

"काका, तेच तर खुपतंय त्यांना."

धक्क्यावर कधी दोर हातातून सुटला की, कोणाला इजा होवो न होवो, खुंटा तो दोर अख्खा उलगडे आणि पहिल्यापासून तपासे. घरी येऊन त्याने तेच केलं. तीसच्या तीस पत्ते त्याने गठ्ठ्यात परत मिसळले. चूक कुठे झाली ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. चार माणसांच्या किल्ल्यात त्याने एका माणसाचा दोर नेला होता. बावीस वर्षांची सवय, बोटांनी आपोआप तेवढंच निवडलं. पण मग चार माणसांना काय लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसेल तर विचारावं लागतं, आणि विचारायचं काम त्याने आजवर केलं नव्हतं. दोरावर प्रश्न विचारायचा झटका नसतो.

मंगळवारी धक्क्याजवळच्या शेवटच्या थांब्यावर बस चार मिनिटं उभी होती. खुंटा उतरला नाही. "मला एक सांग," त्याने लेकीला विचारलं, "खेळात तुला घाम कधी फुटतो?"

ती जरा चकित झाली. "जीव कमी झाले की नाही फुटत. हातात दोनच पत्ते उरले ना, की मी घाबरते. मग घाईत चुकीचा टाकते आणि मार खाते. मलम नंतरचं झालं, काका. त्याआधी मला एक फेरी धीर हवा असतो."

"म्हणजे ढाल. पण आधी."

"हो. आधी."

बुधवारी तो पाळी संपवून वाचनालयात गेला. ग्रंथपालबाई शिडीवर उभ्या राहून वरचा कप्पा पुसत होत्या. खुंट्याने न सांगता शिडी धरली आणि तोच प्रश्न विचारला.

"मला वाचवू नका," बाई वरूनच म्हणाल्या. "मी वाटाड्या आहे. पुढे काय आहे ते मला आधी कळलं तर मी मुळात त्या वाटेने जाणारच नाही. रविवारी तुमच्याकडे कंदील किती होते?"

"एकही नाही."

"मग मी आंधळी मेले," बाई म्हणाल्या आणि फडकं झटकलं. धूळ खुंट्याच्या डोळ्यात गेली. ते मुद्दाम होतं की काय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

राहिला बुडबुड्या. त्याच्याकडे जायला खुंट्याने शनिवार उजाडू दिला. बुडबुड्या खरंच भिंतीकडे तोंड करून बसला होता. भिंतीवर काही नव्हतं, कॅलेंडरसुद्धा नाही. खुंट्याने स्टूल ओढलं आणि तोही भिंतीकडे तोंड करून बसला.

मग त्याने विचारलं, "खाली कसं असतं रे?"

"कुठे खाली?"

"पाण्यात."

बुडबुड्याने मान वळवली. "बावीस वर्षांनी विचारतोयस?"

"सुचलं नाही कधी."

बुडबुड्या हसला. मग त्याने कमरेखालची उशी नीट केली. "दिसत काही नाही. जहाजाखाली तर स्वतःचा हात दिसत नाही. हातोडी सापडली की कळतं, ही हातोडी. बोल्ट बोटांनी मोजायचे. रबराचा वास. आणि श्वास ऐकू येतो. आपलाच असतो, पण दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो, शेजारी कोणी बसल्यासारखा. पहिली दोन वर्षं मी त्याच्याशी बोलायचो."

"काय बोलायचास?"

"शिव्या द्यायचो. एवढ्या जोरात श्वास घेऊ नकोस म्हणून."

खुंट्याला हे सगळं नवीन होतं. ज्या पाण्याकडे तो एकतीस वर्षं बघत होता, त्यात खाली एक माणूस स्वतःच्या श्वासाला शिव्या देत होता, आणि वर दोरातून फक्त 'ठीक आहे' येत होतं. त्याने आणखी विचारलं. थंडी कुठे आधी लागते? मासे अंगाला लागतात का? भूक लागते का? बुडबुड्या सांगत गेला. सांगता सांगता तो भिंतीकडून पुरता वळून बसला.

"आणि दोर?" खुंट्याने शेवटी विचारलं.

बुडबुड्याने उशी पुन्हा सरकवली. "दोर उत्तम होता. पण एक सांगू? तू मला कधी मागूच दिलं नाहीस."

"म्हणजे?"

"मी दोन झटके मारायच्या आत दोर सैल झालेला असायचा. हवा कमी वाटायला लागली की वाढलेली असायची. धक्क्यावर सगळे म्हणायचे, बुडबुड्या नशीबवान आहे. होतोच. पण आता इथे बसून साधं पाणी हवं असलं तरी माझी जीभ उचलत नाही. मागायची सवयच गेली. मी वाट बघतो की कोणीतरी ओळखेल. पोर दमून येते, ती कशी ओळखणार? तिला वाटतं मी रुसलोय. मग मीही रुसतो."

खुंट्याने आपल्या तळहाताकडे बघितलं. दोराचे घट्टे होते, दोन्ही हातांना, एकाच जागी. "मला वाटायचं ते काम चांगलं होतं."

"पाण्यात एक नंबर होतं."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खुंटा उठला. "उद्या ये. एकदा."

"पुन्हा गाठ बांधशील."

"गाठ खोक्यात गेली."

"बघतो," बुडबुड्या म्हणाला.

त्या दुपारी खुंट्याने पुन्हा तीस निवडले. लेकीसाठी ढाली, सहा. बाईंसाठी कंदील, आठ. मलमं सात, कोणालाही चालतील अशी. हे एकवीस झाले. मग त्याने हाकांचा ढीग पुढे ओढला. त्यातून नऊ घेताना त्याचा हात दोनदा मागे आला. मागितल्याशिवाय हलायचं नाही असा पत्ता निवडणं म्हणजे त्याच्या हिशेबी कामचुकारपणा होता. त्याने ते नऊ पत्ते वेगळे ठेवले, अंगण झाडून आला, आणि मग गठ्ठ्यात घातले.

रविवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर एकेका पायरीवर दोन पाय टेकल्याचा आवाज आला.

खेळ मांडताना बाईंनी नियम वाचून दाखवला. "हाकेचा पत्ता सोबत्याने सुचवायचा नाही. शब्दाने नाही, खुणेने नाही, डोळ्यानेही नाही." डोळ्याने म्हणताना त्यांनी खुंट्याकडे बघितलं.

दुसऱ्या दाराशी लेकीने सहज मागितलं, "काका, मला हवाय." तिसऱ्याला बाईंनी मागितलं आणि वर आभारही मानले. कंदिलांमुळे त्या दोन वाटा टाळून गेल्या. कोणी मरणाच्या दारात नव्हतं. बुडबुड्या मात्र पुढे होता आणि मार खात होता. चौथ्या दाराशी पाच जीव, पाचव्याला दोन. हाकेचा पत्ता टेबलाच्या मध्यावर उघडा पडला होता, चौघांनाही दिसत होता. बुडबुड्याने त्याच्याकडे बघितलं आणि पहारेकऱ्यावर घाव घातला. उलट घाव आला. एक जीव उरला.

खुंट्याच्या हातात मलम नव्हतं. असतं तर त्याने टाकलं असतं. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. लेकीने तोंड उघडलं, बाईंनी बोट वर केलं, तिने ते मिटलं. धुकं चौदाव्या पायरीवर होतं. पुढच्या फेरीत बुडबुड्याने घाव घातला नाही की काही मागितलंही नाही. "मी थांबतो," तो म्हणाला. त्याची पाळी गेली. धुकं पंधरावर.

पुन्हा त्याची पाळी आली. तो पत्त्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. खुंट्याने तो घाम कधी बघितला नव्हता, कारण आजवर तो टोपाच्या आत आलेला होता.

"हा पत्ता कोणासाठी आहे?" बुडबुड्याने विचारलं.

"जो मागेल त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या.

"मला लागतोय."

"तसं म्हणा मग."

"म्हटलं की आत्ता."

"तुम्हाला लागतोय, ही झाली माहिती. मागणं नाही झालं."

लेक खाली बघून हसू दाबत होती. बुडबुड्याने बाईंकडे रागाने बघितलं, मग खुंट्याकडे वळला. "खुंट्या, दे रे तो इकडे."

खुंट्याने मांडीखालून हात काढला. हाताला मुंग्या आल्या होत्या. त्याने पत्ता सरकवला.

सहा जीव भरले. बुडबुड्याने पाचव्या पहारेकऱ्याला आडवा केला. मग त्याला चटक लागल्यासारखं झालं. सहाव्या दाराशी त्याने आणखी एकदा मागितलं, मग बाईंकडे कंदिलात काय दिसतंय ते विचारलं, मग लेकीला म्हणाला, "तुझी आग या फेरीत दे, मला पुढच्यात नको." सहावं दार पडलं. सातव्यावर बाईंनी हात ठेवला, बुडबुड्याने ठेवला, खुंट्याने ठेवला. लेकीची पाळी येण्याआधी धुक्याने विसावी पायरी गाठली.

तिघांचे हात अजून दारावरच होते.

"एका पाळीने गेलं," बाई म्हणाल्या.

"माझ्या पाळीने," बुडबुड्या म्हणाला. "पाचव्या दाराशी मी थांबलो ती. फुकट घालवली."

"हो," खुंटा म्हणाला. कामाच्या बाबतीत तो कोणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नसे.

"पुढच्या रविवारी नाही घालवणार."

लेकीने हळूच विचारलं, "बाबा, मेलात तर येणार नव्हतात ना?"

"मेलो कुठे? धुक्याने गिळलं. ते वेगळं." त्याने आपला गठ्ठा उचलला. "हे पत्ते मी घरी नेतो. यातले चार-पाच बिनकामाचे आहेत."

मंगळवारी बसमध्ये लेक म्हणाली, "काका, आज बाबांनी चहा मागितला. पहाटे पावणेचारला! मी म्हटलं, मागताय ते छान आहे, पण जरा घड्याळ बघा."

सातवं दार उघडलं ते त्यानंतर अकराव्या रविवारी. खुंट्याच्या तीस पत्त्यांत तोवर बरीच उलथापालथ झाली होती. हाका नवावरून पाचवर आल्या होत्या, कारण आता कोणाला फार वेळ वाट बघायला लागत नव्हती. दार उघडल्यावर आत काय असतं याची खुंट्याला फार दिवस उत्सुकता होती. आत दुसऱ्या किल्ल्याचा नकाशा होता. त्या किल्ल्याला बारा दारं होती. बाईंनी कपाटातून दुसरा खोका काढला तेव्हा त्याला आनंद लपवता आला नाही.

बारा दारांचा खेळ चार-चार तास चाले. तिसऱ्या तासाला बुडबुड्याची कंबर आखडे. वाचनालयाच्या खुर्च्या बिनहाताच्या, कडक लाकडाच्या. एका रविवारी तो पाळीच्या मध्येच म्हणाला, "खुंट्या, ही खुर्ची माझा जीव घेते. हात असलेली, जरा रुंद, अशी एक बघ ना कुठेतरी."

"बघतो," खुंटा म्हणाला आणि पत्ता टाकला.

त्या मोसमात धक्क्यावर दोन मोठी जहाजं दुरुस्तीला आली होती आणि शनिवारची जादा पाळी निघत होती. एरवी खुंटा ती घेत नसे. या वेळी त्याने सात शनिवार घेतले. सात शनिवार वाऱ्यात उभं राहून त्याने दोर धरला, आणि त्या पाळ्यांची मजुरी हातात आली तशी बाजारातल्या सुताराकडे नेऊन दिली. सुताराने सांगितलेलं लाकूड त्याने नाकारलं, दुसरं निवडलं, सांधे ठोकून बघितले, बैठकीला काथ्या भरून घेतला.

"घरातल्या चारही खुर्च्या डुगडुगतात," बायको म्हणाली, "आणि तुम्ही खुर्ची घेताय लोकांच्या वाचनालयाला."

"डुगडुगणाऱ्या मी नीट करीन."

"दहा वर्षं ऐकतेय."

खुर्ची त्याने स्वतः पाठीवर घेऊन दोन जिने चढवली. मध्ये कुठे टेकवली नाही. बुडबुड्या आला, खुर्चीभोवती एक फेरी मारली, तिच्या दोन्ही हातांवर हात ठेवून बसला, आणि पाय हलवून बघितले.

"उंच आहे," तो म्हणाला.

"किती?"

"बोटभर."

खुंट्याने पिशवीतून करवत काढली, खुर्ची आडवी केली आणि चारही पायांवर पेन्सिलीने खूण केली.